ब्रिटनमधील स्टुडंट्स युनियनचे पदाधिकारी : त्यांना ओळखायचे कसे आणि त्यांच्याकडे जायचे कशासाठी?

वारणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात मी या सप्टेंबरपासून एक वर्षाचा एम.एस्सी. अभ्यासक्रम करत आहे. स्वागत सप्ताहात आम्हाला स्टुडंट्स युनियनच्या इमारतीत नेण्यात आले, तेव्हा तिथे निवडून आलेल्या सहा पदाधिकाऱ्यांची माणसाएवढ्या उंचीची छायाचित्रे लावलेली होती. प्रत्येकाच्या खाली नाव, पद आणि आवडता पिझ्झा अशी माहिती होती. कोणाला कोणता पिझ्झा आवडतो हे कळले, पण यांच्या हातात नेमके काय आहे, हे विद्यापीठाचे नोकर आहेत की विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी, आणि माझ्यासारख्या एक वर्षासाठी आलेल्या विद्यार्थिनीने त्यांच्याकडे जावे की नाही, हे काही उमगले नाही.

हा प्रश्न मला पडण्यामागे एक कारण आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण महाराष्ट्रात झाले आणि आमच्या पिढीने महाविद्यालयातील खरी निवडणूक पाहिलेलीच नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याच्या काळात थेट निवडणुका बंद झाल्या, २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आल्या आणि २०१९ मध्ये वेळापत्रक जाहीर होऊनही पुढे ढकलल्या गेल्या. जी.एस. (महाविद्यालयाचा सरचिटणीस), यू.आर. (विद्यापीठ प्रतिनिधी) हे शब्द मी ऐकले ते मामांच्या गप्पांत, आणि त्या गप्पांत निवडणुकीपेक्षा मारामाऱ्याच जास्त असत. आमच्याकडे वर्गप्रतिनिधी म्हणजे गुणांनी पहिला आलेला विद्यार्थी, आणि स्नेहसंमेलनाची वर्गणी गोळा करणे हे त्याचे मुख्य काम.

आता प्रत्यक्ष अडचण सांगते. ज्या ऐच्छिक विषयासाठी मी हा अभ्यासक्रम निवडला, तो विषय यंदा शिकवला जाणार नाही, असे इथे येऊन फी भरल्यानंतर कळवण्यात आले. वर्गातील आणखी काही जणांचीही हीच तक्रार आहे. अशा कामासाठी भिंतीवरच्या त्या सहा जणांपैकी कोणाला गाठावे? ओळखदेख नसताना थेट त्यांच्या कार्यालयात जाणे इथे रीतीला धरून होते का? आणि उत्सुकता म्हणून विचारते, एक वर्षाच्या विद्यार्थ्याला स्वतःला निवडणूक लढवता येते का?

सिंहगड रस्ता

मी इथे एम.ए. करताना आधी कोर्स रेप, म्हणजे अभ्यासक्रमाचा विद्यार्थी प्रतिनिधी, होतो आणि नंतर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचा अर्धवेळ, बिनपगारी पदाधिकारी होतो, त्यामुळे या इमारतीचे पुढचे दार आणि मागचे दार दोन्ही मला माहीत आहेत.

भिंतीवरचे सहा जण हे सॅबॅटिकल ऑफिसर आहेत. शिक्षणातून एक वर्ष बाजूला होऊन किंवा पदवी हातात पडताच हे विद्यार्थी युनियनचे पूर्णवेळ काम करतात आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळतो. पगार विद्यापीठ देत नाही, युनियन देते. युनियन ही इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी वेगळी नोंदणी झालेली चॅरिटी (धर्मादाय संस्था) असते आणि निवडून आलेले पदाधिकारी तिच्या विश्वस्त मंडळावर बसतात. गंमत अशी की युनियनचा बहुतांश पैसा विद्यापीठाच्या वार्षिक अनुदानातूनच येतो, म्हणजे ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच खिशातून संसार चालवायचा. या अडचणीची जाणीव प्रत्येक शहाण्या पदाधिकाऱ्याला असते, आणि नसेल तर युनियनचे कायमस्वरूपी कर्मचारी पहिल्याच महिन्यात ती करून देतात.

या सगळ्याला कायद्याचा आधार आहे तो १९९४ च्या एज्युकेशन ॲक्टमधील कलम २२ चा. योगायोग पाहा, ज्या वर्षीच्या कायद्याचा तुम्ही उल्लेख केलात त्याच वर्षी इथे निवडणुका बंद न करता त्यांना नियमांची चौकट घालण्यात आली. प्रमुख पदांची निवडणूक गुप्त मतदानानेच झाली पाहिजे, सर्व सभासदांना मत देता आले पाहिजे, ती न्याय्य पद्धतीने झाल्याची खातरजमा विद्यापीठाच्या नियामक मंडळाने केली पाहिजे, आणि कोणत्याही व्यक्तीला पगारी पदावर एकूण दोन वर्षांपेक्षा जास्त राहता येणार नाही, असे हे कलम सांगते. एखाद्या विद्यार्थ्याला युनियनचे सभासद व्हायचे नसेल तर तसा हक्कही त्याला आहे. म्हणजे नोंदणी झाल्यापासून तुम्ही आपोआप सभासद आहात, मतदार आहात, आणि हे सहा जण तुम्हालाही उत्तरदायी आहेत.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण एक वर्षाच्या विद्यार्थ्यांची खरी कोंडी इथेच होते. मुख्य निवडणुका बहुतेक विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि निवडून आलेले लोक जून किंवा जुलैमध्ये सूत्रे हाती घेतात. तुम्ही सप्टेंबरमध्ये आलात तेव्हा जे पदावर होते त्यांना तुम्ही निवडलेले नाही. आणि मार्चमध्ये ज्यांना मत द्याल ते कामाला लागतील तेव्हा तुम्ही प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात असाल. तीन वर्षांच्या पदवीचा विद्यार्थी निदान दोनदा तरी आपण निवडलेल्या माणसाला जाब विचारू शकतो, तुम्हाला तशी संधी एकदाही मिळत नाही. तुमचे मत त्यांना पुढच्या खेपेस उपयोगी नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. म्हणून मागणी घेऊन जाताना ‘आम्ही मतदार आहोत’ हा सूर निरुपयोगी ठरतो. ‘तुमच्या समितीपुढे मांडता येईल असा नेमका मुद्दा आम्ही आणला आहे’ हा सूर मात्र नेहमी उपयोगी पडतो, कारण पदाधिकाऱ्याला वर्षअखेरीस दाखवायला काहीतरी ठोस हवेच असते.

तुमच्या अडचणीपुरते सांगायचे तर त्या सहा जणांपैकी शिक्षणाचे काम पाहणाऱ्या उपाध्यक्षाकडे जावे, पण पहिले पाऊल म्हणून नव्हे. आधी तुमचा कोर्स रेप कोण आहे ते शोधा. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या संयुक्त समितीची सत्रात एकदा-दोनदा बैठक होते आणि तिच्या कार्यपत्रिकेवर विषय घालण्याचा अधिकार कोर्स रेपला असतो. तिथे मांडलेली गोष्ट इतिवृत्तात येते, आणि इतिवृत्तात आलेली गोष्टच वरच्या समितीत ओढता येते. उपाध्यक्ष हा त्या वरच्या समितीत बसणारा माणूस आहे. त्याच्या हातात इतिवृत्ताचा कागद द्या, मग तो काय करतो ते बघा.

आणि हो, थेट कार्यालयात जाणे अगदी रीतीला धरून आहे. त्यांचे ईमेल पत्ते व्यक्तीच्या नावाने नसून पदाच्या नावाने असतात. तिथे चार ओळी लिहून वेळ मागावी. वेळ न मागता गेलात तरी कोणी हाकलून देणार नाही, पण तो माणूस बहुधा बैठकीत असेल.

आडवाट

वरचा प्रतिसाद चांगला आहे, तरी त्यातले चित्र जरा उजळ रंगवले आहे असे मला वाटते. मी दोन वेगवेगळ्या ब्रिटिश विद्यापीठांत शिकलो आणि दोन्हीकडे पाहिले की विद्यार्थीसंख्येच्या पंचमांशाने मतदान केले तरी त्याचा उत्सव होतो. इतक्या कमी मतदानात क्रीडा क्लबांचे आणि मोठ्या सोसायट्यांचे (विद्यार्थी मंडळांचे) मतांचे गठ्ठे निकाल फिरवतात. जाहीरनामे वाचा : ग्रंथालय चोवीस तास, स्वस्त कॉफी, मानसिक आरोग्याला प्राधान्य. ग्रंथालय आधीपासूनच चोवीस तास उघडे असते, हा भाग वेगळा.

भारतीय विद्यार्थ्यांची संख्या वाढल्यापासून आपलेही गठ्ठे तयार झाले आहेत. व्हॉट्सॲपच्या गटावर एक संदेश येतो, ‘आपला माणूस उभा आहे’, की झाले. निवडून आलेल्यांत भारतीय विद्यार्थी दिसतात याचा मला आनंदच आहे, पण पदाधिकाऱ्याची ओळख करून घ्यायची म्हणजे तो कुठल्या राज्यातला आणि त्याला मराठी येते का हे विचारणे नव्हे. असा पदाधिकारी भेटला की आपण त्याच्याकडून घरमालकाशी बोलण्यापासून विमानतळावरून आणण्यापर्यंत सर्व अपेक्षा ठेवतो आणि त्याच्या समितीत काय चालले आहे हे मात्र कधीच विचारत नाही.

प्रश्नकर्तीला माझा सल्ला असा की प्रकरण वैयक्तिक असेल, म्हणजे गुण, मुदतवाढ, गैरहजेरी, शिस्तभंगाची नोटीस किंवा फीचा परतावा, तर निवडून आलेल्या कोणाकडेही न जाता युनियनच्या ॲडव्हाइस सेंटरमध्ये जावे. तिथे प्रशिक्षित, पगारी सल्लागार असतात, ते विद्यापीठापासून स्वतंत्र असतात आणि तुमची गोष्ट गोपनीय ठेवतात. पदाधिकारी बावीस वर्षांचा असतो आणि पुढच्या वर्षी नसतो.

नीरा–भीमा

मी एका ब्रिटिश विद्यापीठात गेली बरीच वर्षे शिकवतो आणि विद्याशाखेच्या तसेच विद्यापीठाच्या शिक्षण समितीवर बसत आलो आहे. म्हणजे या पदाधिकाऱ्यांना मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहतो. ‘आडवाट’ यांच्या ॲडव्हाइस सेंटरविषयीच्या सूचनेशी पूर्ण सहमत आहे. ‘पुढच्या वर्षी नसतो’ हेही खरे, पण बावीस वर्षांचा माणूस तयारी करून आला तर काय करू शकतो, त्याचे एक उदाहरण देतो.

आमच्या समितीपुढे एकदा प्रस्ताव आला की निबंध तपासून अभिप्राय परत करण्याची मुदत पंधरा कामकाजाच्या दिवसांवरून वीसवर न्यावी. शिक्षकांवर ताण होता, प्रस्ताव आम्हा बहुतेकांना पटलेला होता आणि पाच मिनिटांत मंजूर होईल अशीच सगळ्यांची समजूत होती. बैठकीची कागदपत्रे आठवडाभर आधी येतात. ती दीडशे-दोनशे पानांची असतात आणि प्राध्यापक मंडळींपैकी किती जण ती शेवटपर्यंत वाचतात याविषयी न बोललेले बरे. शिक्षण उपाध्यक्ष असलेली मुलगी मात्र ती वाचून आली होती. तिने निरनिराळ्या विभागांतील कोर्स रेपांकडून पहिल्या आणि दुसऱ्या निबंधाच्या तारखा मागवल्या होत्या आणि एका पानावर तक्ता करून आणला होता. वीस दिवसांची मुदत धरली तर कित्येक विषयांत दुसरा निबंध देण्याची तारीख आधी येत होती आणि पहिल्याचा अभिप्राय नंतर. तिने भाषण केले नाही. तक्ता फिरवला आणि विचारले, ‘या विषयांत अभिप्रायाचा उपयोग काय होणार?’ प्रस्ताव परत गेला, आणि पुढच्या बैठकीत आला तो बदललेल्या रूपात : जिथे लगोलग दुसरा निबंध आहे तिथे पंधरा दिवस कायम.

त्या मुलीचे छायाचित्रही कुठल्या तरी भिंतीवर असेलच. तिची ओळख मात्र त्या एका पानात होती, आणि ते पान तिला कोर्स रेपांमुळे मिळाले. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की पदाधिकारी ओळखायचा असेल तर त्याच्या जाहीरनाम्यापेक्षा त्याच्या जागा पाहा : तो सिनेटवर आहे का, विद्यापीठाच्या कौन्सिलवर आहे का, शिक्षण समितीवर आहे का, ग्रंथालयाच्या किंवा वसतिगृहांच्या समितीवर कोण आहे. त्यानंतर इतिवृत्त उघडा. अनेक विद्यापीठे ते संकेतस्थळावर ठेवतात. उपस्थितांच्या यादीत नाव आहे की गैरहजर, आणि बोलला असेल तर कशावर, हे दहा मिनिटांत कळते. युनियनच्या स्टुडंट कौन्सिलपुढे पदाधिकाऱ्यांना वेळोवेळी अहवाल मांडावा लागतो. त्या सभांना कोणीही सभासद बसू शकतो आणि प्रश्न विचारू शकतो. सभागृह बहुतेक वेळा अर्धे रिकामे असते, त्यामुळे तिथे गेलात तर तुमचा चेहरा लगेच लक्षात राहील.

त्यांच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. समितीच्या कार्यपत्रिकेच्या शेवटी काही विषय राखीव म्हणून ठेवलेले असतात. वैयक्तिक विद्यार्थ्यांची किंवा कर्मचाऱ्यांची प्रकरणे त्यात येतात आणि त्या वेळी विद्यार्थी सदस्यांना बाहेर जायला सांगतात. कधीकधी त्या यादीत सरकवलेल्या गोष्टी तिथे असायला हव्या होत्या का, असा प्रश्न मलाही पडतो. शिवाय युनियन चॅरिटी असल्यामुळे तिचा पैसा विद्यार्थी म्हणून विद्यार्थ्यांशी संबंध असलेल्या कामांवरच खर्च व्हावा लागतो. म्हणून जगातल्या प्रत्येक प्रश्नावर ठराव करून त्यावर पैसे खर्च करा असा आग्रह धरला की पदाधिकारी चाचरतो, तेव्हा त्यामागे नेहमी भित्रेपणाच असतो असे नाही.

ही पदे पुढच्या राजकारणाची शाळाही राहिली आहेत. जॅक स्ट्रॉ लीड्स विद्यापीठाच्या युनियनचे अध्यक्ष होते, त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरील एन.यू.एस.चे (नॅशनल युनियन ऑफ स्टुडंट्स) अध्यक्ष झाले आणि पुढे देशाचे गृहमंत्री व परराष्ट्रमंत्री. चार्ल्स क्लार्क यांचीही वाट तशीच, केंब्रिजच्या युनियनपासून एन.यू.एस.मार्गे गृहमंत्रिपदापर्यंत. अर्थात आजचे बहुतेक पदाधिकारी राजकारणात जात नाहीत. विद्यापीठ प्रशासनात, सेवाभावी संस्थांत किंवा सल्लागार कंपन्यांत जातात.

आता प्रश्नकर्तीच्या ऐच्छिक विषयाकडे येतो. ब्रिटनमध्ये शिक्षण घेणारा विद्यार्थी सामान्यतः कायद्याच्या दृष्टीने ग्राहकही असतो. कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटी या स्पर्धा आणि ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०१५ मध्येच विद्यापीठांसाठी याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा प्रवेशाच्या वेळी तुम्हाला काय कळवले होते ते पत्र आणि अभ्यासक्रमाच्या पानाची त्या वेळची प्रत आधी शोधून ठेवा. ‘ऐच्छिक विषय बदलू शकतात’ असे वाक्य त्यात बहुधा असेल, परंतु ते वाक्य असले म्हणजे सगळे संपले असे नाही. विषय हा अभ्यासक्रमाचे मुख्य आकर्षण म्हणून जाहिरातीत होता का, याला महत्त्व आहे. वर्गाची सामुदायिक मागणी कोर्स रेपमार्फत जाऊ द्या आणि स्वतःची तक्रार करायची असेल तर ती ॲडव्हाइस सेंटरच्या मदतीने वेगळी करा. दोन्ही एकत्र केल्यास दोन्ही रेंगाळतात.

केल्विनकाठचा

स्कॉटलंडमध्ये कोणी मराठी विद्यार्थी हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडी भर घालतो, कारण इथली रचना वेगळी आहे आणि इंग्लंडच्या माहितीवर विसंबून माणूस चुकीच्या इमारतीत जातो. ग्लासगो विद्यापीठात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व करणारी संस्था म्हणजे एस.आर.सी. (विद्यार्थी प्रतिनिधी परिषद), आणि ‘युनियन’ नावाच्या दोन संस्था त्याहून निराळ्या. खाणेपिणे, वादविवाद आणि करमणूक ही त्यांची मुख्य कामे. त्या दोहोंपैकी एक १९८० पर्यंत केवळ पुरुषांची होती. तेव्हा फीची किंवा अभ्यासक्रमाची तक्रार घेऊन तिथे गेलात तर बियर चांगली मिळेल, उत्तर मिळणार नाही. एडिनबरोला विद्यार्थी प्रतिनिधी परिषद १८८४ मध्ये सुरू झाली आणि १९७३ मध्ये ती तेथील युनियनांबरोबर एकत्र होऊन आजची स्टुडंट्स असोसिएशन झाली.

स्कॉटलंडच्या प्राचीन विद्यापीठांत रेक्टर नावाचे आणखी एक निवडून द्यायचे पद असते. त्या व्यक्तीला विद्यापीठाच्या कोर्टाचे, म्हणजे नियामक मंडळाचे, अध्यक्षपद भूषवण्याचा मान असतो. १९७२ मध्ये एडिनबरोच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या नामवंत व्यक्तीऐवजी गॉर्डन ब्राऊन नावाच्या विद्यार्थ्यालाच रेक्टर निवडून दिले आणि त्याने प्रशासनाला चांगलेच जेरीस आणले. पुढे तोच पंतप्रधान झाला.

विद्यापीठाची अंतर्गत तक्रार प्रक्रिया संपल्यावर इंग्लंड-वेल्समध्ये ओ.आय.ए. या स्वतंत्र यंत्रणेकडे जाता येते, स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सेवांच्या लोकपालाकडे. दोन्हीकडे विद्यार्थ्याला शुल्क पडत नाही.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे कोर्स रेपचा शोध घेतला. आमच्या अभ्यासक्रमासाठी ती जागा रिकामीच होती. विभागाच्या कार्यालयाने ईमेल पाठवले होते पण कोणी नाव दिले नव्हते. वर्गातील मंडळींनी मलाच पुढे केले आणि आता माझे नाव यादीत आले आहे. प्रवेशपत्र आणि अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका सापडली. माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर त्या विषयाचा स्वतंत्र चौकटीत उल्लेख आहे.

शिक्षण उपाध्यक्षांनाही लिहिले होते आणि त्यांनी पंधरा मिनिटांची वेळ दिली. बोलणे चांगले झाले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता की अशाच प्रकारे विषय रद्द झालेले इतर अभ्यासक्रम आहेत का. ते मला माहीत नव्हते. संयुक्त समितीची बैठक आता जवळ आली आहे. तिथे मी काय आणि किती मांडावे? आणि निवडणूक लढवण्याविषयी कोणी काही लिहिले नाही, म्हणून पुन्हा विचारते.

सिंहगड रस्ता

उपाध्यक्षांनी विचारलेला प्रश्न योग्यच आहे. एका अभ्यासक्रमाची तक्रार विभागात सुटते किंवा अडते, चार अभ्यासक्रमांची तक्रार धोरणाचा विषय होते. युनियनमध्ये कोर्स रेपांचे प्रशिक्षण असते, तिथे इतर विभागांचे रेप भेटतील. त्यांना हाच प्रश्न विचारा आणि जे कळेल ते उपाध्यक्षांना लिहून कळवा.

बैठकीत एकच मुद्दा मांडा. विषय कधी रद्द झाला, तुम्हाला कधी कळवले, माहितीपुस्तिकेत काय छापले होते आणि तुम्हाला त्याऐवजी काय हवे आहे, एवढेच. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे. दुसऱ्या विभागातील समान विषय घेण्याची परवानगी हवी, की त्या विषयावरील काही व्याख्याने हवीत, की प्रबंधासाठी त्या विषयाचा मार्गदर्शक हवा? वर्गाशी बोलून उतरत्या क्रमाने तीन मागण्या ठरवून जा. अध्यक्षस्थानी असलेले प्राध्यापक ‘आम्ही याची नोंद घेतली’ म्हणतील. तेव्हा नम्रपणे विचारा की यावर पुढची कृती कोणाच्या नावावर लिहायची आणि कोणत्या तारखेपर्यंत. आपल्याकडे मोठ्या माणसाला असे विचारणे उद्धटपणाचे वाटते, त्यामुळे तुमची जीभ अडखळेल. इथे तो बैठकीचा नित्याचा भाग आहे.

निवडणुकीविषयी : होय, लढवता येते. अनेक युनियनांत ऑक्टोबरच्या सुमारास पोटनिवडणूक होते आणि पदव्युत्तर किंवा आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठीची अर्धवेळ पदे तेव्हा भरली जातात. एक वर्षाच्या विद्यार्थ्याला वेळेच्या हिशेबाने हीच पदे सोयीची. तुमच्याकडची तारीख उलटली असेल तर मार्चमधील मुख्य निवडणूक उरते, आणि ती पूर्णवेळ पदांची. पसंतीक्रमाने मतदान होते आणि मतपत्रिकेवर उमेदवारांबरोबर ‘पुन्हा नामनिर्देशन मागवा’ असाही एक पर्याय असतो, त्यामुळे एकटाच उमेदवार असला तरी त्याला त्या पर्यायाविरुद्ध जिंकावे लागते. मी एका बिनविरोध वाटणाऱ्या उमेदवाराला त्यात पडलेले पाहिले आहे.

नीरा–भीमा

व्हिसाविषयी जोडतो. स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना कामाच्या तासांची मर्यादा असते, परंतु निवडून आलेल्या सॅबॅटिकल ऑफिसरला पूर्णवेळ काम करण्याची मुभा नियमांत आहे, कमाल दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी विद्यापीठाने प्रायोजकत्व चालू ठेवावे लागते. अर्ज भरण्याआधीच, निकालानंतर नव्हे, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील व्हिसा सल्लागाराला लेखी विचारून ठेवा.

दुसरी अडचण कोणी आधी सांगत नाही. पद जून-जुलैमध्ये सुरू होते आणि एम.एस्सी.चा प्रबंध ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरमध्ये द्यायचा असतो. माझ्या हाताखालील एक विद्यार्थी निवडून आला तेव्हा त्याने दिवसा प्रशिक्षण आणि बैठका, रात्री प्रबंध असे दोन महिने काढले. प्रबंध वेळेत दिला, पण गुण त्याच्या कुवतीपेक्षा कमी आले. उमेदवारी करायची असेल तर प्रयोगाचे किंवा माहिती गोळा करण्याचे काम मेअखेर संपेल असा प्रबंधाचा विषय निवडा आणि मार्गदर्शकाला जानेवारीतच त्याची कल्पना द्या.